छोट्या टायपातला धावफलक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी छत्तीस वर्षे सांगली आणि आसपासच्या मैदानांवर क्रिकेट सामन्यांचा गुणलेखक होतो. पोटापाण्याची नोकरी बँकेत कारकुनाची, पण शनिवार-रविवार मांडवाच्या सावलीत, पुढ्यात स्कोअरबुक, दोन टोक केलेल्या पेन्सिली आणि एक खोडरबर. आपले दैनिक घरी वडिलांच्या काळापासून येते. आज प्रथमच आपल्याला पत्र लिहीत आहे. त्याला कारण एक कादंबरी झाली.

गेल्या वर्षी मुलीकडे अमेरिकेत, कॅन्सस सिटीला, तीन महिने राहून आलो. तिच्या शेजारच्या काकूंनी ही इंग्रजी कादंबरी वाचायला दिली. मला पुस्तकाचे परीक्षण करायचे नाही, म्हणून नाव देत नाही. काळ १९३० नंतरचा. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून आलेला एक कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकाच्या जागी बसणारा खेळाडू, आणि तंबूतल्या खेळांत ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांची दुःखाची गाणी, गाणारी त्याची थोरली बहीण. दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही सतत प्रवासात. भाऊ संघाच्या जुनाट बसमधून, बहीण आगगाडीच्या वेगळ्या डब्यातून. बाराशे मैलांत त्यांची गाठ चार वेळा पडते.

शब्दकोश शेजारी ठेवून बावीस दिवसांत पुस्तक संपवले. मला त्यात सगळ्यात जवळचा वाटला तो दोन पानांपुरता येणारा एक म्हातारा. संघाचे सामान सांभाळणारा हा माणूस बाकाच्या टोकाला बसून गुडघ्यावर वही ठेवतो आणि पेन्सिलीने सामना लिहितो. रात्री गावातल्या टेलिफोनवरून त्याने निकाल वर्तमानपत्राला कळवायचा असतो. जिंकले तर कळवतो. हरले, किंवा फोनचे पैसे बसच्या पेट्रोलला लागले, तर राहून जाते. एके रात्री पावसात बसच्या टपावरची ट्रंक भिजते आणि वहीतल्या ओळी एकमेकींत मिसळून जातात. लेखकाने हा प्रसंग अवघ्या सहा ओळींत उरकला आहे. मी त्या पानावर बोट ठेवून बराच वेळ बसलो होतो. का, ते पुढे लिहितो.

आपल्याकडे बेसबॉल फारसा कोणाला ठाऊक नाही, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो. १८८४ मध्ये टोलेडोच्या संघाकडून मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा कृष्णवर्णीय कॅचर मुख्य लीगमध्ये, म्हणजे मेजर लीग या तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, खेळला. त्यानंतर थेट १५ एप्रिल १९४७ पर्यंत, जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिनच्या संघाकडून मैदानात उतरेपर्यंत, मुख्य लीगची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. आणि ही बंदी मुख्य लीगच्या नियमपुस्तकात कुठेही लिहिलेली नव्हती! मालकांची आपसातली समजूत, एवढाच तिला आधार. नियमाची नोंद नाही, त्यामुळे जाब कुणाला विचारायचा हा प्रश्नच. मग कृष्णवर्णीयांनी आपल्या लीग उभ्या केल्या. १३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटीतच, वायएमसीएच्या इमारतीत, रूब फॉस्टर या माजी पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, पुढाकाराने निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. कॅन्सस सिटीच्या मोनार्क्स संघाने १९३० मध्ये ट्रकवर उभारलेले दिव्यांचे खांब आणि जनरेटर गावोगाव नेऊन रात्रीचे सामने खेळवले. मुख्य लीगचा रात्रीचा पहिला सामना झाला १९३५ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. असे पुढारलेले हे लोक, पण मुक्कामाला हॉटेल मिळत नसे. जेवण कुठे मागच्या खिडकीतून, कुठे तेही नाही. बसमध्येच झोपायचे आणि सकाळी उठून दोन सामने खेळायचे.

मुलीने मला तिथल्या अठराव्या रस्त्यावरच्या निग्रो लीग बेसबॉल संग्रहालयात नेले. आत शिरताच जाळी लागते, कोंबड्यांच्या खुराड्याला असते तशी. जाळीपलीकडे आखलेले मैदान आणि त्यावर माणसाच्या उंचीचे कांस्य पुतळे, आपापल्या जागी उभे. पिचरच्या टेकाडावर सॅचेल पेज, यष्टीच्या जागी उकिडवा बसलेला जॉश गिब्सन. मैदान दिसते पण जाता येत नाही. सगळा इतिहास वाचत, छायाचित्रे पाहत फेरी पूर्ण केलीत की मगच शेवटी त्या मैदानात पाऊल ठेवता येते. पूर्वी दक्षिणेतल्या मैदानांवर कृष्णवर्णीय प्रेक्षकांना अशाच जाळीमागे बसवत, त्याची ती आठवण. मी गिब्सनच्या पुतळ्याजवळ गुडघ्यांवर हात टेकून वाकलो आणि त्याच्या हातमोज्यात डोकावून पाहिले. रिकामा मोजा, आणि त्याच्या मध्यभागी खोलगट सावली.

हा गिब्सन कोण, तर बॅटचा राजा. जन्म १९११, जॉर्जियातला. पिट्सबर्गच्या आसपासच्या दोन संघांकडून खेळला. २० जानेवारी १९४७ रोजी वयाच्या ३५ व्या वर्षी गेला. मी सवयीने दिवस मोजले. त्याच्या मृत्यूनंतर बरोबर ८५ दिवसांनी रॉबिन्सनला दार उघडले.

कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, १९७२ साली गिब्सनच्या नावाची पाटी लागली. तिच्यावर लिहिले आहे, लीगमध्ये आणि इतर सामन्यांत मिळून जवळजवळ ८०० होम रन (आपल्या षटकारासारखा फटका). आता कागदपत्रांनिशी सिद्ध झालेले त्याचे लीगमधले होम रन मोजले तर आकडा दोनशेच्या आतच राहतो. इथे माझ्यातला गुणलेखक अडखळतो. लिहिलेले नाही ते मोजायचे नाही, ही माझी आयुष्यभराची शिस्त. अंपायरने हात वर केल्याशिवाय मी कधी कुणाच्या नावापुढे सहा मांडले नाहीत, मग तो कुणाचा मुलगा का असेना. पण गिब्सनचे बहुतेक सामने लीगचे नव्हतेच. आज या गावच्या गिरणीच्या संघाशी, उद्या त्या गावच्या संघाशी, पोटासाठी फिरत खेळलेले. त्यांना अधिकृत मानायचे नाही हे ठरवणारे कोण? ज्यांनी त्याला अधिकृत सामन्यांतून बाहेर ठेवले तेच! तरीही ८०० हा आकडा मी माझ्या वहीत उतरवणार नाही. त्याचे लीगमधले सिद्ध झालेले आकडेच इतके भक्कम आहेत, की त्यांना टेकूची गरज नाही.

ते आकडे असे. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने जाहीर केले, की १९२० ते १९४८ या काळातल्या सात निग्रो लीग याही मुख्य लीगच होत. मे २०२४ मध्ये तिथल्या दोन हजार तीनशेहून अधिक खेळाडूंचे आकडे मुख्य नोंदींत मिसळले गेले. त्या दिवशी गिब्सनची कारकिर्दीतली सरासरी ०.३७२ ठरली, म्हणजे दर हजार संधींत ३७२ वेळा फटका मारून सुखरूप तळ (बेस) गाठणे. टाय कॉब या गोऱ्या खेळाडूचा ०.३६७ हा विक्रम पिढ्यान् पिढ्या अढळ समजला जात होता. तो मोडला, तोडणारा जाऊन ७७ वर्षे झाल्यावर.

आणि हे झाले कशाच्या जोरावर? संपादक महोदय, आपल्याला मुद्दाम पत्र लिहिले ते इथल्यासाठी. हे झाले वर्तमानपत्रांच्या जोरावर. शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कुरियर यांसारखी कृष्णवर्णीयांची साप्ताहिके होती. त्यांत आतल्या पानावर, मुंगीएवढ्या टायपात, सामन्यांचे बॉक्स स्कोअर छापले जात. कोण किती वेळा उभा राहिला, किती फटके, किती धावा. लीगच्या स्वतःच्या वह्या बहुतांशी गेल्या. या साप्ताहिकांच्या जुन्या फायली आणि मायक्रोफिल्म मात्र राहिल्या. लॅरी लेस्टर यांच्यासारख्या संशोधकांनी, जे कॅन्सस सिटीच्या त्या संग्रहालयाचे एक संस्थापकही आहेत, वर्षानुवर्षे एकेक सामना त्यांतून वेचला. नाव कुठे अर्धे, कुठे चुकीच्या स्पेलिंगचे, कुठे बेरीज जुळत नाही. तरी नेटाने जुळवत गेले. अजूनही सगळे सामने सापडलेले नाहीत, शोध सुरूच आहे.

बॉक्स स्कोअरची गंमत अशी, की तो बेसबॉलला दिला हेन्री चॅडविक या इंग्लंडात जन्मलेल्या पत्रकाराने, १८५९ च्या सुमारास. आणि हा चॅडविक मूळचा क्रिकेटचा वार्ताहर! क्रिकेटचा धावफलक डोळ्यांपुढे ठेवूनच त्याने तो बेतला. हे कळल्यावर त्या साप्ताहिकांमधले रकाने मला परके वाटेनात.

आता गाण्याविषयी. कादंबरीतली बहीण जे ब्लूज गाते, त्याची घडण साधी आहे. पहिली ओळ म्हणायची, तीच ओळ पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. चार-चार मात्रांच्या बारा खंडांत कडवे पूर्ण. मुलीने मोबाईलवर बेसी स्मिथ या त्या काळच्या ब्लूज गायिकेचे गाणे लावून दिले. पहिली ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा शब्द तेच असतात पण स्वर किंचित खाली उतरलेला असतो, जसे एखादे दुःख पहिल्यांदा दुसऱ्याला सांगावे आणि मग स्वतःलाच सांगावे. मला इंग्रजी उच्चार निम्मेच कळले. गाणे पुरते कळले.

कृष्णवर्णीय गायिकेने गायलेल्या ब्लूजची पहिली रेकॉर्ड ध्वनिमुद्रित झाली ऑगस्ट १९२० मध्ये, मॅमी स्मिथची. म्हणजे निग्रो नॅशनल लीग आणि ही रेकॉर्ड एकाच वर्षातली. रेकॉर्ड कंपन्यांना कळले की हा माल खपतो. मग तिथेही वेगळी यादी, ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाची. जसे खेळात, तसे गाण्यात. विस्कॉन्सिनमधली एक खुर्च्या बनवणारी कंपनी ग्रामोफोनची लाकडी कपाटे विकत असे. ती खपावीत म्हणून तिने रेकॉर्डी काढल्या, पॅरामाउंट या नावाने. चार्ली पॅटन, सन हाउस हे मिसिसिपीचे थोर गायक तिथे गायले. पुढे धंदा बसला तेव्हा मूळ धातूचे साचे भंगारात विकले. काही गाण्यांची आज जगात एकच प्रत शिल्लक आहे, तीही ओरखड्यांनी भरलेली. त्या काळच्या रेकॉर्डी लाखेच्या असत आणि ती लाख बहुतेक हिंदुस्थानातून जात असे. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडल्यावर अमेरिकेत जुन्या रेकॉर्डी गोळा करून त्यांचाच माल पुन्हा वापरला गेला. किती आवाज त्यात गेले असतील, याची बेरीज कुणालाच मांडता येणार नाही.

रॉबर्ट जॉन्सन हा गिटार वाजवणारा गायक, गिब्सनप्रमाणेच १९११ चा. नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनिओत आणि जून १९३७ मध्ये डॅलसमध्ये मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित झाली. ऑगस्ट १९३८ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी गेला. मृत्यूच्या दाखल्यात कारणाच्या जागी दोनच शब्द आहेत, ‘डॉक्टर नाही’. मग चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून कला मिळवली, ही कथा त्याला चिकटली. गिब्सनच्या चेंडूंविषयीही असेच सांगतात, आज मारलेला उद्या दुसऱ्या गावात पडला म्हणून. लोकांना हे ऐकायला आवडते, मलाही आवडले. पण त्या दाखल्यावर डॉक्टरचे नाव आणि रोगाचे नाव असते, तर सैतान आला नसता.

कादंबरीवर माझा एकच आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. बेसी स्मिथ २६ सप्टेंबर १९३७ रोजी मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ मोटारीच्या अपघातात गेली. तिला गोऱ्यांच्या रुग्णालयाने दारातून परत पाठवले म्हणून ती दगावली, अशी बातमी त्याच वर्षी एका संगीत मासिकात छापून आली आणि आजतागायत फिरते आहे. कादंबरीकाराने ती खरी मानून एक अख्खे प्रकरण त्यावर उभे केले आहे. प्रत्यक्षात तिला थेट कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात नेले होते. दुसरीकडे नेण्याचा विचार त्या भागात कुणी करूच शकत नव्हते. लेखकाला वाटले असेल, की हाकलून दिले म्हटल्याने अन्याय अधिक ठसेल. मला उलटे वाटते. एका लहानशा गावात दोन रुग्णालये, आणि रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला न विचारता ठाऊक, की हात तुटायला आलेल्या या बाईला कुठे न्यायचे. एवढे पुरेसे भयंकर आहे. आपल्या संघाला न काढलेली एकही धाव द्यायची नसते. एक खोटी सापडली की समोरचा आपल्या खऱ्या धावांवरही बोट ठेवतो.

बेसी स्मिथ फिलाडेल्फियाजवळ पुरली गेली. १९७० पर्यंत तिच्या थडग्यावर नावाचा दगड नव्हता. गिब्सन त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्गला. त्याच्या थडग्यावर १९७५ पर्यंत नाव नव्हते.

हे वाचताना मला पालवणकर बाळूंची आठवण येणे साहजिक होते. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर नेटमध्ये गोलंदाजी टाकून मोठा झाला. हिंदूंच्या संघात घेतल्यावर सहकाऱ्यांचा चहा पॅव्हेलियनमध्ये आणि बाळूंचा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात मात्र या माणसाने ११४ बळी घेतले. हा आकडा आज आपण छातीठोकपणे सांगतो, कारण इंग्लंडमधल्या गुणलेखकांनी तो लिहिला आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी छापला. बाळूंना चहाला बाहेर बसवले, पण धावफलकातून बाहेर बसवता आले नाही. अमेरिकेत धावफलकच वेगळा केला होता. एवढा फरक आहे. हा फरक थोडा नाही आणि फार मिरवण्यासारखाही नाही.

आता माझी विनंती. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात माळ्यापर्यंत पाणी होते. माझी ४३ स्कोअरबुके लोखंडी ट्रंकेत होती. आठ दिवसांनी ट्रंक उघडली तर आत राखाडी रंगाचा एकच गठ्ठा. वाळवले, इस्त्री फिरवून पाहिली, टाल्कम पावडर टाकून पाने सोडवायचा प्रयत्न केला. पाच वह्या वाचता येण्याजोग्या निघाल्या. कादंबरीतल्या त्या म्हाताऱ्याची भिजलेली वही पाहून मी का थांबलो, ते आपल्या ध्यानात आले असेल.

त्यानंतर दोन वर्षांनी एक तरुण घरी आला. त्याचे वडील नगरपालिकेत सफाई खात्यात होते आणि पालिकेच्या संघाकडून मध्यमगती गोलंदाजी टाकत. वडील नुकतेच वारले होते. घरात ते सांगत, की एकदा मी एका डावात आठ जणांना बाद केले होते. नातेवाईक हसत. मुलाला जाणून घ्यायचे होते, ते खरे का. मला तो सामना लख्ख आठवत होता. १९८८ चा फेब्रुवारी, मॅटिंगची खेळपट्टी, वारा पाठीमागून. पण आठवण ही नोंद नव्हे, हे मीच आयुष्यभर इतरांना सांगत आलो. त्या वर्षाची वही चिखल झाली होती. शेवटी आम्ही दोघे दुसऱ्या गावच्या एका ग्रंथालयात गेलो. तिथे आपल्याच दैनिकाच्या जुन्या फायली बांधून ठेवल्या आहेत. दोन दिवस पाने उलटली. तिसऱ्या दिवशी दुपारी, बाजारभावांच्या खाली, छोट्या टायपात चार ओळी सापडल्या. गोलंदाजीच्या ओळीत २३ धावांत ८ बळी. आडनावातले एक अक्षर चुकलेले. तो तरुण काही बोलला नाही. खिशातून रुमाल काढून त्याने आधी पानावरची धूळ टिपली.

गेली काही वर्षे स्थानिक सामन्यांचे पूर्ण धावफलक आपल्या क्रीडापानावर येत नाहीत. विजेत्या संघाचा चषकासह फोटो आणि पाहुण्यांची नावे येतात. जागेची अडचण मी समजू शकतो. तरी आठवड्यातून एक दिवस अर्धा रकाना द्यावा, अगदी लहान टायपात दिला तरी चालेल. तालुक्याचे सामने, मुलींचे सामने, कामगारांचे सामने, सगळ्यांची पूर्ण नावे आणि आकडे त्यात यावेत. लिहून आणून द्यायला मी आणि माझे दोन जुने सहकारी तयार आहोत, मोबदल्याची अपेक्षा नाही. आणि कार्यालयात असलेल्या जुन्या फायलींची छायाचित्रे काढून ठेवावीत. तेही काम करायला आम्ही येऊ.

त्या चार ओळींची छायाप्रत सोबत जोडली आहे. त्या गृहस्थांचे आडनाव तेव्हा चुकले होते. बरोबर आडनाव त्यांच्या मुलाच्या अक्षरात वेगळ्या चिठ्ठीवर दिले आहे. ३० वर्षांहून अधिक उशीर झाला असला, तरी आपल्या शुद्धिपत्राच्या चौकटीत त्याला जागा मिळावी.

आपला नम्र,
एक निवृत्त गुणलेखक
गावभाग, सांगली